पाणी किती फुटांवर?

कोल्हापुरात पावसाळा फुटांत मोजतात. किती मिलिमीटर पडला हे शाळेतल्या मुलांनाच ठाऊक असतं, मोठ्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. सकाळी दूध घालणारा, रिक्षावाला, भाजीवाल्या मावशी, बँकेतला साहेब, सगळे एकमेकांना एवढंच विचारतात, "किती झालं?" उत्तर येतं, "एकेचाळीस-तीन." म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४१ फूट ३ इंच. ३९ ला इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. सांगलीत कृष्णेचे हेच आकडे आयर्विन पुलाजवळ मोजतात आणि तिथं ते ४० आणि ४५ आहेत. माझी आई सांगलीची, त्यामुळं आमच्या घरात दोन्ही नद्यांचा हिशेब चालायचा. आजोळहून फोन आला की बाबा आधी आयर्विनचा आकडा विचारत आणि मग तब्येतीचा.

पेपरात पंचगंगेच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा असतो, जिल्ह्यातले किती बंधारे पाण्याखाली गेले त्याचा. परगावच्या माणसाला तो वाचून धडकी भरते. वास्तविक हे बंधारे पावसाळ्यात बुडायचेच असतात. पाऊस सरला की फळ्या घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी त्या काढून नदी मोकळी सोडायची, अशी त्यांची रीत. साऱ्या महाराष्ट्रात अशा बांधकामाला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. तेव्हा पन्नास बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी वाचून कोल्हापूरकर चहाचा पुढचा घोट घेतो. सुतारवाड्यात पाणी आलं म्हटल्यावर मान वर करतो. जामदार क्लबपर्यंत आलं की गाडी काढून बघायला जातो. पूर बघायला जाणं हा आमच्याकडचा जुना नाद आहे. कणीस खात पंचगंगेच्या घाटावर उभं राहायचं आणि देवळांची शिखरं मोजायची. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. पण बघण्याच्या त्या गर्दीतच कुणीतरी म्हातारा सांगत असतो, की एकोणनव्वदला पाणी इथं होतं आणि दोन हजार पाचला तिथं. नदी कशी वाचायची हे मी तिथंच शिकले.

खरं तर नदी वाचायची ती पश्चिमेकडं तोंड करून. शहरापासून पंचावन्न-एक किलोमीटरवर गगनबावडा. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात साधारण हजार. तसंच पूर्वेला शिरोळकडं गेलात की पाचशेच्या आसपास. शंभर-एक किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस दहा पटींनी घसरतो. आणि गंमत, गंमत कसली, दैवदुर्विलास असा, की पुरानं सगळ्यात जास्त दिवस बुडून राहतो तो शिरोळ तालुका. डोक्यावर निरभ्र आकाश, अंगणात ऊन आणि उंबऱ्यात पाणी, असं दृश्य शिरोळच्या माणसाला नवं नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती घाटमाथ्याचं पाणी घेऊन येतात. प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते. पाचवी सरस्वती, ती गुप्त. तिथून सुमारे ऐंशी किलोमीटर वळणं घेत, अगदी सावकाश, नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतःच भरलेली असेल तर ती पंचगंगेला आत घेत नाही. मग पाणी मागं दाबलं जातं. याला आमच्याकडं फुगवटा म्हणतात. कोल्हापुरात पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी आकडा इंचानंही उतरत नाही, तो या फुगवट्यामुळं.

वाडीच्या लोकांनी तर पुराचाही सोहळा केलाय. पाणी चढत चढत मंदिराच्या गाभाऱ्यात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. तेव्हा त्या दारात स्नान करायला ही झुंबड उडते. दक्षिणद्वार सोहळा. पाणी त्याहून वर गेलं की उत्सवमूर्ती टेंबे स्वामींच्या मठात हलवतात. दरवर्षी घडणारी गोष्ट आहे, देवालाही तिची सवय आहे, असा त्यात एक निवांतपणा असतो.

हा निवांतपणा २०१९ साली मोडला.

मला दर महिन्याच्या अखेरीस हवामान खात्याचा आढावा वाचायची खोड आहे. महिन्याचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या किती टक्के, तापमान सरासरीच्या किती वर किंवा खाली. २०१९ चे आढावे एकापुढं एक ठेवून वाचले तर त्या वर्षाचा स्वभाव कळतो. मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला, म्हणजे उशिराच. पाठोपाठ अरबी समुद्रात 'वायू' चक्रीवादळ उठलं आणि बाष्प ओढून गुजरातच्या दिशेनं घेऊन गेलं. जूनमध्ये देशभरात पाऊस सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी पडला. आमच्याकडं धूळवाफेवर टोकणलेलं भात जमिनीतच राहिलं. मृग कोरडा गेला. आर्द्रा लागली तरी बाबा फोनवर सांगत होते, "नुसतं गदमदतंय, पडत काय नाही." सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत आणि आटपाडीकडं, चारा छावण्या अजून उठल्या नव्हत्या. आणि तिकडं जगभराचा हिशेब करणारे सांगत होते, की जून तोवरचा सगळ्यात गरम जून ठरला आणि जुलै तर तोवरच्या नोंदींतला सगळ्यात गरम महिना.

पुढं तोल पार दुसरीकडं गेला. ऑगस्टमध्ये देशात ११५ टक्के, सप्टेंबरमध्ये १५२ टक्के. इतका पावसाळी सप्टेंबर १९१७ नंतर झाला नव्हता. मोसमाची बेरीज ११० टक्के भरली, १९९४ नंतरची सर्वांत मोठी. बेरजेपुरतं बघितलं तर मोठं सुखाचं वर्ष! दहा टक्के जास्त पाऊस कुणाला नको? महिन्याच्या आणि मोसमाच्या बेरजेवर माझा विश्वास उडाला तो तेव्हापासून. पुरात बुडालेली आणि टँकरची वाट बघणारी अशी दोन्ही गावं एकाच जिल्ह्याच्या सरासरीत सुखानं नांदतात. पलूस, वाळवा, मिरज पाण्याखाली होते, त्याच दिवसांत जतमध्ये जनावरं दावणीला उपाशी होती.

उष्णतेचा आणि पुराचा संबंध काय, असं आमचे एक काका अजून विचारतात. "गरम झालं तर पाणी आटायला पाहिजे की गं?" आटतं, काका. पण आटलेलं जातं कुठं? हवेचं तापमान एका अंशानं वाढलं की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. तापलेला समुद्र ते पुरवत राहतो. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे आपल्या बाजूचा, नेहमीपेक्षा गरम होता आणि इंडोनेशियाकडचा गार. या उलथापालथीला हवामानशास्त्रज्ञ द्विध्रुव म्हणतात, आणि त्या साली ती फार जोरात होती. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं होतं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस तितका वाढलेला नाही. म्हणजे पडायचं तेवढंच, पण दिवस कमी. पूर्वी पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा हे दोन पाऊस महिनाभर संथ लागून राहायचे, छपरावर शेवाळ धरायचं, कपडे चुलीवर वाळवावे लागायचे. त्या झडीनं नदी चढायची, पण पायरी पायरीनं. आता म्हातारा कोरडा जातो आणि त्याचा वाटा आसळकात चार दिवसांत वसूल होतो.

२०१९ ला नेमकं तेच झालं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस धरला तो सोडेना. धरणं भरत आली होती. राधानगरी भरलं. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला गेलं की ते आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही हा आकडा तोंडपाठ आहे. "पाच नंबरचा उघडला," असं लोक घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. त्या आठवड्यात दरवाज्यांची गणती करण्यात अर्थच उरला नाही. वरून कोयनेचं पाणी कृष्णेत, इकडून राधानगरीचं भोगावतीत आणि शिवाय धरणांच्या खाली जो पाऊस पडत होता तो वेगळाच. त्याला कुठलाच दरवाजा नव्हता.

५ ऑगस्टला सगळ्या वाहिन्यांवर काश्मीर होतं. ३७० कलम. दुसऱ्या दिवशी रात्री सुषमा स्वराज गेल्या. मी पुण्यात टीव्हीसमोर बसून खालच्या पट्टीत कोल्हापूर शोधत होते. तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं होतं आणि मालमोटारींच्या रांगा लागल्या होत्या. महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रंच बुडाली, आणि चहूकडं पाणी असलेल्या गावात लोक घागरी घेऊन टँकरमागं धावले. पेट्रोल संपलं. दूध बाहेर जाईना म्हणून गवळ्यांच्या दारात सांडलं. ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली. त्याबद्दल लिहायला मला आजही जमत नाही. त्याच सुमारास सरकारी आदेश निघाला होता, की घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असेल तर दहा-दहा किलो गहू-तांदूळ मिळतील. पाण्यात बसलेल्या माणसानं दिवस मोजायचे होते. यावर लोक जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आयर्विनला कृष्णा ५७ च्या वर.

आता मला जे सांगायचंय त्याकडं येते. शाहूपुरीत आमच्या आत्याचं घर आहे. जिन्याच्या दुसऱ्या पायरीच्या उंचीवर भिंतीत एक तांबडी रेघ होती, तेलरंगानं मारलेली, शेजारी '२००५'. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो, त्यांना त्या रेघेचा केवढा अभिमान! आला-गेला तिच्याजवळ नेऊन उभा करायचे. २०१९ ला पालिकेची माणसं कर्णा घेऊन गल्लीतून फिरली, घरं सोडा म्हणून. मामांनी त्यांनाही रेघ दाखवली. "पाचच्या महापुरात इथवर आलं. त्यापेक्षा मोठा पूर आम्ही काय, आमच्या वडलांनीबी बघितला नाही." मग त्यांनी मोठ्या शहाणपणानं तयारी केली. फ्रीज टेबलावर, धान्याचे डबे ओट्यावर, गॅसची टाकी जिन्याच्या पाचव्या पायरीवर, कागदपत्रं कपाटाच्या वरच्या खणात. सगळं रेघेच्या वर. रात्रीतून फ्रीज टेबलावरून तरंगत निघाला.

हे त्यांच्या एकट्याचं झालं नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती तयार होत आले होते, चतुर्थी २ सप्टेंबरला होती. कुंभारांनीही मूर्ती पाचच्या हिशेबानंच फळ्यांवर चढवल्या होत्या. आंबेवाडी आणि चिखलीच्या लोकांनी जनावरांना तेवढ्या उंचीवर नेलं होतं. शिरोळात, पलूसमध्ये, सांगलीच्या गावभागात माणसं माडीवर जाऊन बसली, कारण मागच्या वेळी माडीपर्यंत आलं नव्हतं. त्यांना अडाणी म्हणणारे लेख मी पुण्या-मुंबईच्या पेपरांत वाचले. माझं मत उलटं आहे. या लोकांइतकी नदीची माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती. कुठल्या आकड्याला कुठला रस्ता बंद होतो, कुठल्या नाल्यातून पाणी उलटं आत येतं, हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांचा घात त्यांच्या माहितीनंच केला. आठवण हेच ज्यांचं मोजमाप, त्यांना नदी आठवणीपलीकडं जाऊ शकते हे कर्ण्यावरून कसं पटावं?

पाणी उतरल्यावर चिखल काढायला मी गेले. पुराचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचा नाही. शिवारात ऊस उभा दिसत होता, लांबून हिरवाही वाटत होता. जवळ गेल्यावर पोंग्यात गाळ बसलेला. शेंडा कुजला म्हणजे ऊस गेलाच, मग खाली कांडी कितीही जाड असो. सोयाबीन, भुईमूग यांचं तर नावच नको.

पुढचे महिने आलमट्टीवर वाद रंगले. कर्नाटकातलं कृष्णेवरचं ते धरण, १२३ टीएमसीचं, म्हणजे १२३ अब्ज घनफूट पाण्याचं. त्यांनी पाणी सोडलं नाही म्हणून आम्ही बुडालो, ही आमच्याकडची सर्वमान्य समजूत. सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं आलमट्टीला दोषमुक्त केलं आणि अतिवृष्टी, नद्यांच्या पात्रांतली आणि पूररेषेच्या आतली बांधकामं यांच्याकडं बोट दाखवलं. अहवाल कुणालाच आवडला नाही. आता कर्नाटक आलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायला निघालंय, आणि त्याला विरोध करायलाच हवा. आणखी साडेचार मीटर पाणी साठल्यावर काय होईल याची भीती खोटी नाही. पण आलमट्टी लांब आहे हे आमच्या फार सोयीचं आहे, हेही म्हटलं पाहिजे. आमच्या शहरातल्या जयंती नाल्याच्या काठावरचे मजले कर्नाटकानं बांधलेले नाहीत. नकाशावर निळी रेषा असते, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा असते शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. आमच्या शहरात या दोन रेषांच्या मधल्या जागेचा भाव विचारून बघा.

शंभर वर्षांतून एकदा, म्हणे. २०१९ चा चिखल भिंतींच्या पोपड्यांत होता तोवर २०२१ आलं. २२ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. चिपळूण बुडालं, महाडजवळ तळियेवर डोंगर आला, आणि इकडं पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली. यावेळी मात्र मामांनी आदल्याच दिवशी कुलूप लावलं आणि सगळे राजारामपुरीत पाहुण्यांकडं गेले. गल्लीतले बहुतेक लोक गेले. जीव वाचले. म्हणजे आठवण कामाला आलीच, फक्त ती दोन वर्षांपूर्वीची ताजी होती. २०२४ च्या जुलैअखेर नदी पुन्हा ४३ च्या पुढं गेली, लोकांनी पुन्हा सामान हलवलं. तेव्हा आत्या म्हणाली, दरवर्षी बोचकी बांधायची तर ही बोचकी सोडायचीच कशाला.

पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवायच्या मोठ्या योजनेची चर्चा आता आहे, जागतिक बँकेचं कर्ज आहे, नकाशे आहेत. जत-आटपाडीला ते पाणी मिळालं तर आनंदच. मला त्यात एकच शंका येते. योजना आखताना पूर किती दिवसांचा धरलाय? कारण आता पाणी येतं ते चार दिवसांत, आणि चार दिवसांचा पूर पकडून कालव्यात घालायचा तर कालवा नदीएवढाच लागेल.

आत्याच्या घराचं काम मागच्या उन्हाळ्यात निघालं. वायरमननं विचारलं, मीटर किती उंचावर घेऊ? भिंतीवर आता तीन रेघा होत्या. मामा म्हणाले, सगळ्यात वरच्या रेघेच्या वर दोन फूट. माझा आतेभाऊ अभियंता, तो म्हणाला दोन फुटांना आधार काय? मामांकडं आधार नव्हता. तसा तो कुणाकडंच नाही. अर्धा तास वाद झाल्यावर आत्यानं निकाल दिला, "मीटर माडीवर न्या. सैपाकघर माडीवर न्या. खालचं भाड्यानं द्या." जाहिरात दिल्यावर मार्गशीर्षात लोक बघायला आले. पूर्वी गिऱ्हाईक भाडं आणि डिपॉझिट विचारायचं, आता पहिला प्रश्न पाणी किती येतं. आत्या त्यांना रेघा दाखवायची. मामा मागून सांगायचे, दरवर्षी येत नाही हो. साडीच्या दुकानवाला आला तसा गेला, क्लासवाला गेला. शेवटी टायरवाल्यानं जागा घेतली. टायर भिजले तरी काही बिघडत नाही म्हणाला, आणि तेवढ्या कारणावरून भाड्यात दोन हजार कमी करून घेतले.